नाथातात्या पास झाले!

"आरं, फौजेत बर्फावर ट्रक चालवलाय म्या! कंप्युटरची परीक्षा म्हंजे पोरखेळ!" असं अख्ख्या वाडीला ऐकवून नाथातात्या शिकाऊ लायसनची परीक्षा द्यायला सांगलीला गेले. फौजेतलं लायसन कधीचंच बाद झालं होतं आणि दारात नवीकोरी गाडी उभी होती.

कंप्युटरनं विचारलं, पादचारी रस्ता ओलांडत असेल तर काय कराल? तात्यांनी जन्मभर जे पाहिलं तेच उत्तर ठोकलं: हॉर्न वाजवून जोरात पुढे जाऊ! बाकीची उत्तरंही अशीच अनुभवाची. शेवटी पडद्यावर निकाल झळकला. अनुत्तीर्ण!

 आता गावात तोंड कसं दाखवायचं? 'सर्व्हर बंद पडला म्हणू,' असं एसटीत आष्ट्यापर्यंत घोकत आले. पण वाडीच्या चौकात पोचले आणि बघतात तर काय! हा एवढा मोठा डिजिटल बोर्ड! गॉगल लावलेले तात्या, मागं उडतं विमान, वर मजकूर: 'लायसन परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल नाथातात्यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाचे फोटो.

"शंभूराज, लेका, निकाल तर लागू द्यायचा!" तात्या पुतण्यावर खेकसले.

"आवं तात्या, हितं मतमोजणीच्या आधी बोर्ड लागत्यात! तुमचं तर पक्कंच हुतं की!"

तेवढ्यात हलगी कडाडली. गुलालानं तात्यांच्या मिशा लाल झाल्या. सरपंच नानासोंनी फेटा बांधला आणि म्हणाले, "बोला तात्या, दोन शब्द!"

तात्यांनी डोळे मिटले आणि खरं सांगून टाकलं. "गड्यांनो, मी नापास झालोय!"

 हशा आणि टाळ्यांचा कडकडाट!

"तात्या लय इनोदी!"

"आईशप्पत, खरंच नापास झालोय!"

"एवढं यश मिळवलं, पर जरा म्हनून गर्व न्हाई बगा," म्हणत शेजारच्या भामाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

तात्यांची बायको बनुबाई आरतीचं ताट घेऊन, पुतण्यानं चौकात आणून उभ्या केलेल्या नव्या गाडीत बसलीच होती. "चला, मारुतीच्या पाया पडून येऊ."

"आगं, खरंच नापास झालोय!" तात्या तिच्या कानात कळवळले.

"मग बोर्डावर खोटं छापलंय व्हय? बसा गुमान!"

लोकांनी तात्यांना उचलूनच स्टिअरिंगमागं बसवलं. पुढं हलगी, मागं गाडी, गोगलगाईच्या चालीनं! चौकात वाहनं तुंबली, तसा ड्युटीवरचा हवालदार शिट्टी फुंकत आला.

"लायसन दाखवा."

"सायेब, आजच पास झाल्यात! त्यो बगा बोर्ड!" गर्दी ओरडली.

हवालदारानं बोर्ड पाहिला, मग तात्यांकडं पाहिलं. "तुम्ही सांगा."

"नापास झालोय, साहेब."

गर्दी पोट धरून हसली. हवालदार हसला नाही.

"वाटलंच मला," तो म्हणाला.

तात्यांचा ऊर भरून आला. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस एकदाचा भेटला होता! त्यांनी हवालदाराचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. हवालदारानं तो हळूच सोडवून घेतला, कारण त्याला चलान करायचं होतं.