निळ्या रुमालाचा पुरावा

आणे गावच्या सुदर्शनशी वाद घालून जिंकेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं निदान सुदर्शनचं मत होतं. बायको रत्ना रोज जिंकायची, पण ती गोष्ट वेगळी. त्यामुळे त्याच्या पीएच.डी.च्या प्रबंधावर परीक्षकांची टीका आली, तेव्हा तो आधी हसला. दुसऱ्यांदा वाचल्यावर हसू आटलं.

प्रबंध होता मीमशास्त्रावर. मोबाईलवरच्या चित्रविचित्र विनोदांवर नव्हे, हे त्याला गावात दिवसातून चारदा सांगावं लागे. कल्पना आणि चालीरीती सर्दीसारख्या एका डोक्यातून दुसऱ्यात शिरतात आणि हुबेहूब नक्कल होत पसरतात, असा त्याचा सिद्धान्त. परीक्षकांनी लिहिलं होतं की नक्कल वगैरे काही होत नाही, जो तो ऐकलेलं आपल्या सोयीनं बदलतो. न बदलता पसरलेली एक तरी गोष्ट दाखवा, नाहीतर प्रबंध परत घ्या. मुदत महिन्याची. डिग्रीवाचून कॉलेज कायम करणार नव्हतं, आणि तासिकेवर आठ वर्षं घासून सुदर्शन पार विटला होता.

"एक काय, शंभर दाखवतो," तो म्हणाला.

सोमवारी वडील, सावळाराम, बेल्ह्याच्या बाजारात बैल विकायला निघाले, तर हाही टेम्पोत चढला. बाजारात त्यानं बैलाच्या डाव्या शिंगाला निळा रुमाल बांधला, शेजारच्या दोघांना सांगितलं की यानं जनावर लवकर खपतं, आणि वही घेऊन चहाच्या टपरीवर बसला.

पहिल्याकडे निळा नव्हता, त्यानं लाल बांधला. दुसऱ्याच्या बैलाचं डावं शिंग मोडकं, म्हणून उजव्याला. तिसऱ्यानं गळ्यात टॉवेल अडकवला. एका म्हातारीनं शेळीच्या शेपटीला फडकं बांधलं. एका पठ्ठ्यानं तर मोटारसायकलच्या आरशाला बांधलं, कारण तीही विकायची होती! सुदर्शन चडफडत वहीत खाडाखोड करत होता. डावं शिंग, निळा रुमाल, एवढं साधं काम. पण ज्याला त्याला आपली अक्कल पाजळायची हौस. परीक्षकांनी अख्खा बाजार फितवलाय की काय, असं त्याला वाटायला लागलं.

तिकडे कुशाबा व्यापाऱ्यानं उपरण्याखाली सावळारामांची बोटं धरली होती आणि भाव जुळतच आला होता. तेवढ्यात त्याची नजर शिंगाकडे गेली. त्यानं बोटं सोडली.

"सावळारामभाऊ, बैल मारका हाय व्हय? कॉलेजच्या मास्तरानं खूण बांधलीया म्हनं."

सावळारामांनी देवाच्या शपथा घेतल्या, बैलाच्या पोटाखालून दोनदा जाऊन दाखवलं. उपयोग शून्य. बैल आला तसा टेम्पोतून परत गेला.

"माझा गरीब बैल बदनाम केलास," सावळाराम घरी येऊन म्हणाले. "आता वैरण तूच घालायची."

सुदर्शन टीका मान्य करायला बसणार, तर सकाळी टेम्पोवाल्यानं हाक मारली, रुमालमास्तर. कॉलेजच्या फाटकावर शिपायानंही तेच म्हटलं. पारगावच्या कारखान्यावरून मामानं मुद्दाम फोन करून रुमालमास्तरांची तब्येत विचारली. आठ दिवसांत तालुकाभर तेच. रुमालसर नाही, रुमालगुरुजी नाही. सुदर्शनला बाहेर पडायची चोरी झाली.

वैरणीची पाटी त्याच्या हातात देत रत्ना म्हणाली, "सगळीकडं एकच नाव चाललंय, कुणी काय बदललं नाय. परीक्षकाला हेच पायजे व्हतं ना?"

सुदर्शननं पाटी बैलापुढे रिकामी केली. पुरावा होता, शंभर नंबरी होता. पण तो लिहायचा म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपली शोभा कायमची बांधून ठेवायची. त्यानं दोन दिवस जेवणावर राग काढला आणि तिसऱ्या दिवशी त्या नावानं हाक मारणाऱ्या त्रेपन्न जणांची गाववार यादी जोडून सगळं लिहून टाकलं.

मुदतीच्या आत उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल प्रबंध मंजूर. मूळ हरकत मात्र कायम. माणसं ऐकलेलं बदलल्याशिवाय पुढे देतच नाहीत, या मतावर परीक्षक ठाम होते.

पत्राची सुरुवात होती, 'प्रिय रुमालमास्तर'.