पुरावा मागणारे इंगळे सर

इंगळे सरांना तुम्ही सांगितलंत, की काल मला सणकून ताप होता, तर ते हळहळत नसत. विचारत, "फोटो हाये?"

तापाचा फोटो! पण सर आमच्या कॉलेजच्या मूल्यांकनाचे समन्वयक होते. दर काही वर्षांनी कॉलेजनं स्वतःविषयी अहवाल लिहायचा, मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती येऊन तो पडताळणार आणि श्रेणी देणार. अहवालातल्या वाक्यावाक्याला पुरावा लागतो, आणि हे सरांच्या रक्तात भिनलं होतं. झाड लावलं, फोटो. पाणी घातलं, फोटो. झाड मेलं तेव्हा मात्र प्राचार्यांनी फोटो काढू दिला नाही. वहिनींनी एकदा लाडात विचारलं, "माह्यावर जीव हाये ना तुमचा?" तर हा गृहस्थ म्हणाला, "कोन्या निकषात?"

समिती नेमकी कापसाच्या वेचणीत आली. सोनाळ्याच्या बाजूला आमचं कॉलेज. त्या दिवसांत वर्गात नुसती बाकं असतात. बीटी कापसाची बोंडं एकदम फुटतात. त्यात त्या साली बोंडअळीनं निम्मं शेत खाल्लेलं, उरलेला कापूस घरच्या हातांनी वेचला तरच हाती काही लागणार. त्यामुळे मुली सगळ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात. प्राचार्यांनी शेजारच्या शाळेतली पोरं आणून बाकांवर बसवली. कुंड्या भाड्यानं आणल्या. भाषा-प्रयोगशाळेची किल्ली कुणालाच सापडेना, तेव्हा कुलूप फोडून तिचं उद्घाटन झालं.

समिती पालकांनाही भेटते. त्यासाठी कारकुनांचे सासरे नव्या टोप्या घालून तयार होते. सर भडकले.

"खोटे पालक? मी खरे आनतो!"

आणले. पहिल्याच रांगेत सुमनबाई, सरांच्या वर्गातल्या ज्योतीची आई. समितीच्या अध्यक्षांनी हसून विचारलं, कॉलेज कसं वाटतं?

"लय चांगलं हाये, साहेब," बाई खुशीत म्हणाल्या. "पोरगी दिवाईपासून कापूस येचून राह्यली. कॉलेजले येतच नाही. तरी हजेरी बरोबर लागते! इंगळे सर लावतात. असं कॉलेज कुठं भेटते?"

प्राचार्यांनी घाईघाईनं इंग्रजी केलं, की ग्रामीण मुलींना आम्ही फार सहकार्य करतो असं या म्हणतात. पण अध्यक्ष हिंदी मुलखातले. प्राचार्यांच्या इंग्रजीपेक्षा बाईंची वऱ्हाडी त्यांना लवकर कळली होती.

"ये इंगळे सर कौन हैं?"

पुराव्यापायी आम्हा प्राध्यापकांना भाजून काढणारा तो माणूस उभा राहिला. हिंदीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला वऱ्हाडीवर आला.

"मैं हूँ, साहब. हजेरी कमी भरली तर पोरीईले परीक्षेले बसू देत नाहीत. परीक्षा हुकली का घरचे लगन लावून देतात."

समितीनं हे लिहून घेतलं. मग बासुंदी खाल्ली, शाली घेतल्या आणि आमची श्रेणी खाली उतरवून गेली.

"तुमच्या त्या खरेपनानं बुडवलं आमाले," प्राचार्य म्हणाले.

"खरेपन कुठलं? मी खोटी हजेरी लावली, तुमी खोट्या कुंड्या लावल्या," सर म्हणाले. "कुंड्या चालल्या."

सरांचं समन्वयकपद गेलं. विद्यार्थ्यांच्या हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र आलं. आता कुणाची हजेरी कुणाला लावता येईना. ज्योतीचं शेवटचं वर्ष होतं, आणि पुढची वेचणी तोंडावर आली होती.

त्या वेचणीत एका दुपारी मी कॉलेजातून निघालो, तर वाटेत सुमनबाईंच्या शेताच्या बांधाला, धुऱ्यावर सरांची स्कूटर उभी. सर पऱ्हाटीत. इस्त्रीच्या पँटवर कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली, बोटं ओरबाडलेली.

"हे काय, सर?"

"ज्योती कॉलेजात. आंगठा लावाले गेली. तिच्या तासापुरता मी इथं. अर्धी रजा टाकली."

पलीकडच्या ओळीतून सुमनबाई कडाडल्या, "सर, पत्ती नोका येऊ देऊ कापसात! किती खेपा सांगू?"

"हाव, हाव, बाई," म्हणत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक ओटीतल्या कापसातून पाल्याचा कचरा एकेक करून निवडू लागले.

पुढच्या मूल्यांकनाच्या सभेसाठी त्या दिवशी ऐनवेळी आमचे सगळे तास रद्द झाले होते. सभा आटोपून निघताना ज्योतीला मी रिकाम्या वर्गात एकटीच पुस्तक उघडून बसलेली पाहिलं होतं.

सरांना मी ते सांगितलं नाही. ते घाईत होते. ती परत यायच्या आत त्यांना तिची ओळ संपवायची होती.