वाघाचे दात

दातांच्या डॉक्टरांना पिनबॉलचं, म्हणजे काचेखाली गोळी टोलवत खेळायचं मशीन हवं होतं आणि डॉक्टरीणबाईंना ते नको होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून घरी आलेल्या माणसाला निदान एक तरी वस्तू अशी हवी, जी ‘आ’ करत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. हे म्हणणं रोज जेवताना ऐकून ऐकून डॉक्टरीणबाई दमल्या. मागच्या खोलीत आधीच एक मुका रेडिओ, एक लंगडी खुर्ची आणि सुट्या भागांत राहणारा पंखा मुक्कामाला होता. सगळे येत्या रविवारी दुरुस्त होणार होते.

“धड असेल तर आणा,” त्या म्हणाल्या. “दुरुस्तीचं निघालं, तर मागची खोली माझी. मला शिलाई मशीन मांडायचंय.”

घरात डॉक्टरांची म्हणावी अशी ती एवढीच जागा होती, म्हणून त्यांनी रीतसर अभ्यास केला. जुनं मशीन घेताना दिव्यांना आणि आवाजांना भुलायचं नाही, काचेखालची रंगवलेली फळी बघायची. पोलादी गोळी वर्षानुवर्षं तिच्यावरून घरंगळते आणि जिथे जास्त फिरते तिथला रंग उडून लाकूड उघडं पडतं. भोकांच्या कडांना आणि खाली गोळी टोलवणाऱ्या दोन पंखांपाशी ही झीज हमखास सापडते. टॉर्च तिरपा धरायचा, बोट फिरवायचं. डॉक्टरांनी हे इतकं घोकलं की एका पेशंटला त्यांनी “पंखांपाशी बरीच झीज आहे” असं सांगितलं, आणि तो बिचारा काळजीत पडून घरी गेला.

मशीन विकणारे गृहस्थ भूमितीचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी काच काढून दिली, खुर्चीत टेकले आणि थकल्या आवाजात म्हणाले, “खुशाल बघा. निवांत बघा.”

फळीवर वाघ रंगवलेला होता आणि पंखांच्या अगदी वर त्याने भलामोठा ‘आ’ केला होता. डॉक्टरांनी सुस्कारा सोडून टॉर्च तिरपा धरला. भोकांच्या कडा उत्तम होत्या. मिशा शाबूत होत्या. दात मात्र सगळे एकाच मापाचे, एकाच पांढऱ्या रंगाचे होते.

“हे मूळचे नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “मागाहून बसवलेत.”



डॉक्टरांच्या खिशात दातातली कीड शोधायची टोकदार आकडी कायम असे. तिने त्यांनी एका सुळ्याला हलकेच टोकरलं, तर रंगाचा पोपडा उचलला गेला. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पण डॉक्टरांच्या धंद्यात सैल लागेल ते सगळं काढायचं, घट्ट लागेपर्यंत थांबायचं नाही. हात आपोआप चालत राहिला. भानावर आले तेव्हा वरचा जबडा पार बोडका झाला होता.

“खालचे राहिलेत,” मास्तर म्हणाले.

डॉक्टर घामाघूम झाले. मी भरून देतो, म्हणाले.

“भरून नको, घेऊनच जा. असं मशीन आता दुसरं कोण घेणार?”

डॉक्टरांनी पैसे मोजले. निघताना मास्तरांनी टेबलाच्या खणातून पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढून दिला. “हे मलाही मशीनबरोबरच मिळालं होतं,” ते म्हणाले. डॉक्टर इतके ओशाळले होते की या वाक्याचा विचार करायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वाघाकडे पाहिलं आणि मुकाट्याने खोली मोजायला टेप आणला. डॉक्टरांनी गयावया करून आठवड्याची मुदत मागितली. मग दवाखान्यातला दात भरायचा मसाला आणून त्यांनी उघडं लाकूड भरलं, वर निळा दिवा धरून तो कडक केला. भराव उंच झाला. गोळी त्याला थडकून थेट खालच्या खड्ड्यात जाऊ लागली. त्यांनी भराव घासला, तर तो जास्तच घासला गेला. पुन्हा भरला, पुन्हा घासला. “आता कसं वाटतंय?” असं ते वाघाला विचारताना डॉक्टरीणबाईंनी दाराबाहेरून ऐकलं, आणि त्यांना नवऱ्याची खरोखर दया आली.

“विकून टाका,” त्या आत येऊन म्हणाल्या. “हे गेलं तर खोली तुमचीच राहू दे.”

डॉक्टरांनी डबी उघडली आणि दात रंगवले. हात दमला होता, त्यामुळे सगळे एकाच मापाचे आले.

गिऱ्हाईक म्हणून घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ फळीवर ओणवे झाले. “दात जरा जास्तच सारखे आहेत,” असं पुटपुटत त्यांनी खिशातून अणकुचीदार चिमटा काढला.

डॉक्टरांनी त्यांना थांबवायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारात गळ्यात टेप अडकवलेल्या डॉक्टरीणबाई दिसल्या. डॉक्टरांनी तोंड मिटलं, लंगडी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावर बेतानं टेकले.

“खुशाल बघा,” ते थकल्या आवाजात म्हणाले. “निवांत बघा.”

आणि रंगाची डबी हाताशी काढून ठेवली.