क्षमा गोपनीय आहे

"आता या ऑफिसातून एक नाव बाहेर जाणार नाही," असं तिने साहेबांना ठणकावून सांगितलं, आणि लेकीला पाळणाघरातून आणायला रोज चारला निघायची परवानगी त्याच दमात मागून टाकली.

"बघू महिनाभर," साहेब म्हणाले. "तक्रार आली नाही, तर चार पक्के. आली, तर सगळ्यांसारखे सहा."

ऑफिस श्रवणयंत्रांचं. ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं लिहायला नुकताच एआय आणला होता. कुणाचे कान कितपत गेलेत, ही माहिती आता त्याच्या पोटात जाणार, म्हणून गोपनीयता सांभाळायला एक माणूस नेमणं आलं. साहेबांनी हिला निवडलं, कारण ती बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचायची आणि फोनवर लेकीचा उल्लेख "आमचं ते" असा करायची.

तिने कामही तसंच चोख केलं. नाव दिसलं की ते झाकून त्याजागी भलतंच नाव टाकणारी प्रणाली बसवली. पण कुठला शब्द नाव आहे, हे प्रणालीला कळणार कसं? नावांचा साठा हिच्याकडे तयारच होता. लेक जन्मायच्या आधी सासूबाई, आत्याबाई आणि शेजारणींनी मुलासाठी-मुलीसाठी सुचवलेली झाडून सगळी नावं तिने त्यात ओतली; ओळखायची तीच आणि बदली टाकायचीही तीच. शिवाय पत्र भलत्याच्या हाती पडलं तर, या धास्तीने छापून निघणारा प्रत्येक कागद त्यातूनच गाळायची सोय केली. पाकिटावरचा पत्ता तेवढा खरा.

आठवडा सरता सरता एक निवृत्त मुख्याध्यापक हातात पत्र घेऊन आले. त्यांचं यंत्र कानात शिट्टी मारायचं, त्यावर ऑफिसने त्यांना उत्तर धाडलं होतं.

"मुलगा काय करतो?" खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं.

"कुणाचा मुलगा?" साहेब म्हणाले.

"ज्याच्यासाठी मागणी घातलीत, तो." त्यांनी पत्र उघडून खणखणीत वाचलं. "'झाल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून आपली कुमुदिनी मागतो. आपण समजून घ्याल, अशी आम्हाला वत्सला आहे. आपले भालचंद्र हेच आमचे ध्येय.' कुमुदिनी माझी धाकटी. वत्सला तुमच्या घरातली असेल, भालचंद्र कोण ते तुम्हीच सांगा. पण माझ्या मुलीचं नाव तुमच्याकडे आलं कुठून? मी तुम्हाला फक्त कान दाखवला होता."

साहेब पांढरेफटक पडले. "नाव फुटलं," ते तिच्याकडे वळून पुटपुटले. "अहो, नाव फुटलं."

तिच्या डोळ्यांपुढे पाळणाघराचं फाटक आलं, आणि सगळी पोरं गेल्यावर त्याला लटकून उभी असलेली लेक. तिने पत्र ओढून घेतलं, वाचलं, आणि कपाळाला हात लावला.

"फुटलं नाही, साहेब. झाकलं गेलं. मुळात तिथे 'क्षमा' होतं. पुढे 'आशा', मग 'समाधान'. प्रणालीला ती माणसं वाटली. कुमुदिनी आली ती निव्वळ योगायोगाने."

"काय म्हणतात?" मुख्याध्यापकांनी यंत्राला हात लावला. यंत्राने शिट्टी मारली.

"आम्ही तुमची क्षमा मागत होतो!" साहेब ओरडले.

"मग ती पत्रात कुठाय?"

"ती गोपनीय आहे," तिच्या तोंडून निसटलं.

मुख्याध्यापकांनी पत्राची घडी घातली. "म्हणजे मुलगा नाहीच?"

"नाही."

"मी घरी सांगून आलोय हो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले, आणि यंत्र बदलून घेऊन निघून गेले.

"ही काही तक्रार म्हणता येणार नाही," ती घाईघाईने म्हणाली. "ते तर खुशीत आले होते. माझे चार वाजता..."

"लेखी द्या. विचार करतो."

तिने धावत जाऊन अर्ज टाईप केला, छापला आणि शाई वाळायच्या आत साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"'मला रोज चारला सोडण्याची सुलोचना करावी.'" त्यांनी वर पाहिलं. "या सुलोचनाबाई चारला मोकळ्या असतात?"

"साहेब, ती कृपा..."

"असतील, तर त्यांनाच पाठवा पाळणाघरात. तुम्ही सहापर्यंत बसा."