अपलोड अडला
मेहुणीने नोकरीची मुलाखत आपल्याच घरून द्यावी, हा आग्रह भाऊजींचा. "माझ्या घरचं नेट म्हणजे लोणी! दिवसभर लोकांचे राउटर दुरुस्त करतो मी. माझ्याकडे काय बिघडणार?" असं म्हणताना त्यांनी छातीही जरा पुढे काढली होती.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावरच्या बाईंचा चेहरा स्वच्छ, आवाज खणखणीत. मेहुणी उत्साहाने बोलू लागली, तर बाईंच्या कपाळाला आठ्या. "तुमचा आवाज फार तुटतोय. पुन्हा सांगता?"

राउटर टेबलाखाली होता. भाऊजी रांगत तिथे शिरले. "घाबरू नकोस," ते कुजबुजले, "येणारं नेट झकास आहे, जाणारं अडलंय. नळाला धो धो पाणी, पण मोरी तुंबलेली."

"मग काढा ना बोळा!" चेहऱ्यावरचं हसू न मोडता मेहुणी ओठांतल्या ओठांत म्हणाली.

भाऊजींनी केबल बदलली. फरक शून्य. राउटर बंद करून चालू केला, तर मुलाखतच तुटली. पुन्हा जुळली तेव्हा बाईंच्या शेजारी एक साहेबही येऊन बसले होते. आवाज तसाच. "नेटवाल्यांची लाइनच रद्दी," भाऊजींनी निदान केलं. मग आठवलं, हीच लाइन घ्या म्हणून अख्ख्या इमारतीच्या मागे लागणारे तेच. त्यांनी दोष भिंतीवर ढकलला.

एवढ्यात बायको दारातून डोकावली. "अहो, आतल्या खोलीत तुमचा लॅपटॉप तापून लाल झालाय. सहलीचे सगळे व्हिडिओ अपलोड करत बसला होता. बंद केला मी."

नेट एवढं चांगलं, वाया कशाला घालवायचं, म्हणून सकाळी तो उद्योग भाऊजींनीच लावून दिला होता. ते ताडकन उठायला गेले आणि डोकं टेबलावर आपटलं.

"आई गं! म्हणजे बोळा मीच! माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही!"

पडद्यावरच्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "आता शब्द न् शब्द ऐकू आला."

मेहुणीने डोळे मिटले. "सॉरी मॅडम. टेबलाखाली आमचे भाऊजी आहेत. नेटवर्क इंजिनिअर आहेत."

"काम चिडलेल्या ग्राहकांना सांभाळायचं आहे," साहेब म्हणाले. "मघापासून बघतोय, यांना पायाशी घेऊन तुम्ही हसतमुख बसलायत. आणखी काय विचारायचं? सोमवारी या."