गणपूर्तीअभावी प्रार्थना तहकूब

इमारती पावसाने पडत नाहीत, गैरहजेरीने पडतात. कोथरूडच्या एका सोसायटीचं सचिवपद बावीस वर्षं भूषवल्यावर (दुसरं कुणी भूषवायला तयार नव्हतं) नंदकुमारांचं हे ठाम मत झालं होतं. २००३ साली ते आयर्लंडमधल्या मलिंगारला डॉक्टर लेकीकडे, वीणाकडे आले आणि फिरता फिरता जवळच्या गावातल्या जुन्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये शिरले.

चर्चचा इतिहास देदीप्यमान होता. १८१६ साली ते तीनशे माणसांसाठी बांधलं, तेव्हा त्या पंथाची माणसं गावात चाळीस होती. उरलेल्या दोनशे साठ जागा भविष्यासाठी राखून ठेवल्या होत्या. जमीनदार आपल्या खास बाकापाशी शेगडी पेटवून झोपायचे आणि नोकरचाकर थंडीमुळे जागे राहून प्रवचन ऐकायचे. २००३ सालची उपस्थिती सात (पैकी सर्वांत नियमित गृहस्थ ठार बहिरे).

आता बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं होतं. पाहणीच्या रविवारी किमान दहा माणसं हवीत, नाहीतर कुलूप.

"माझा बाप्तिस्मा इथलाच. शेवटचंही इथूनच निघावं, एवढंच मागणं आहे हो," व्यवस्था पाहणाऱ्या एक्याऐंशी वर्षांच्या हेझलबाई म्हणाल्या. नंदकुमारांनी ते पत्र मागून घेतलं.

"बाबा, तुम्ही त्यांच्या भानगडीत पडू नका," वीणा म्हणाली.

बाबा पडले. त्यांनी ठरावच लिहून दिला: 'गणपूर्तीअभावी प्रार्थना तहकूब करण्यात येईल व अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात येईल. त्या प्रार्थनेस गणपूर्तीची अट राहणार नाही.'

पाहणीला आलेल्या पाद्रीसाहेबांनी आठ डोकी मोजली (आठवं हिंदू होतं, पण डोकं होतं). ठराव तीनदा वाचला. इतका सोयीचा नियम दोनशे वर्षांत त्यांच्याकडे कुणाला सुचला नव्हता. "ग्रँड!" ते म्हणाले आणि अर्धा तास चहा पिऊन त्यांनी शिफारस केली. चर्च वाचलं. हेझलबाई नंदकुमारांचा हात धरून रडल्या.

आपल्यावाचून अडत नाही हे कळताच बाकीचे सहाजण निर्धास्त झाले आणि यायचे थांबले. 'दर रविवारी पाद्री आणि मी अर्धा तास घड्याळाकडे बघतो, मग सुरू करतो,' असं हेझलबाईंनी पुण्याला कळवलं. ते वाचून नंदकुमारांना जेवण गेलं नाही.

२००७ साली हेझलबाई गेल्या. इच्छेप्रमाणे शेवटची प्रार्थना तिथेच झाली. नियमाप्रमाणे अर्धा तास उशिरा.

वाचकहो, हळहळू नका. येत्या रविवारी दहा वाजता तुमच्याच सोसायटीची वार्षिक सभा आहे. नोटीस तुम्ही वाचलेली नाही. साडेदहाला तुमची गरजही उरणार नाही.