बाथरूमचा घुमारा

मिस्त्री हातोडा घेऊन दारात उभा होता आणि बाथरूमला आतून कडी होती.

"आंघोळ चाललीय का?" मिस्त्रीनं विचारलं.

"नाही," सूनबाईचा नवरा म्हणाला.

"मग?"

नवरा घुटमळला. खोटं पटकन सुचेना आणि खरं सांगून उपयोग नव्हता. तरी त्यानं सांगितलंच. "फुगे फुगवतेय."

मिस्त्रीनं हातोडा काखेत मारला. असल्या घरी आगाऊ विचारून यायला हवं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सूनबाई खरोखरच फुगे फुगवत होती. उपड्या बादलीवर लॅपटॉप, नळाला दोरीनं बांधलेला माईक, ओच्यात फुगे आणि पदराला टाचणी अशी ती पाटावर बसली होती. ती दिवसभर एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची, आणि घरी आली की खोल्यांमधल्या बोळातल्या तिच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरची एक भाषा लिहायची. ही भाषा कुणी बोलत नाही. ती लिहायची असते आणि लिहिलेलं वाजतं. चार ओळी लिहिल्या की बासरी, सहा लिहिल्या की कारखाना. जगभरातले हौशी लोक त्या भाषेला आपापली ठिगळं जोडत असतात. त्या ठिगळाला प्लगइन म्हणतात. सूनबाईला असंच एक छोटंसं प्लगइन करायचं होतं, आणि त्यात तिला घालायचा होता घरच्या बाथरूमचा घुमारा.

कारण ते बाथरूम म्हणजे चीजच होती. उंच छत, चारी भिंतींना जुन्या जाड फरश्या, कोपऱ्यात पितळी नळ. आत साधं खोकलं तरी देवळाच्या गाभाऱ्यात खोकल्यासारखं वाटायचं. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, आवाज बाहेर फुटक्या पाइपासारखा होता, पण आत शिरला की तोच आवाज मैफल गाजवायचा. मात्र फरशीखालून पाणी झिरपून खालच्या वहिनींच्या छताला ओल आली होती, म्हणून आज सगळं फोडून नवं करायचं ठरलं होतं.

घुमारा टिपायची रीत साधी आहे. खोलीत एक छोटा, कोरडा, खणखणीत आवाज करायचा आणि खोली त्याचं काय करते ते शेवटपर्यंत टिपून घ्यायचं. फुगा फोडणं त्याला उत्तम. मग त्या नमुन्यातून कुठलाही आवाज काढा, तो त्याच खोलीतून आल्यासारखा येतो. अट एकच, टिपताना दुसरं काही वाजता कामा नये.

ही अट त्या घरात पाळली जाणं कठीण होतं.

"सूनबाई!" अण्णांनी दार ठोठावलं. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि नळाशी संबंधित कुठल्याही जागेवर आपला पहिला हक्क आहे असं मानत. "हे कसले चाळे? माणूस खोळंबलाय!"

"चाळे नाहीत अण्णा, काम आहे."

"काम ऑफिसात असतं. बाथरूममध्ये बसून फुगे फोडणं हा चाळाच."

नेमकं हेच तिच्या नाकाला मिरच्या झोंबवणारं होतं. नवऱ्याचं क्रिकेट बघणं विरंगुळा, अण्णांचं गाणं साधना आणि तिचा तो चाळा. भाषेच्या ऑनलाइन गटावरही एक दाढीवाले गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं, घुमाऱ्याची शेकडो प्लगइनं आहेत, बाईंनी आधी ती अभ्यासावीत. सूनबाईनं तिथल्या तिथे उत्तर ठोकलं होतं, "शेकडो असतील, पण त्यांत आमचं बाथरूम नाही." आता माघार घ्यायची तर नाक कापून घेण्यासारखंच होतं.

तिनं पहिला फुगा फोडला.

ठॉप्! पाठोपाठ बाहेरून मिस्त्रीचा "अरे बाप रे!" आणि त्याचा हातोडा अण्णांच्या चपलेवर पडल्याचा आवाज. सुदैवानं चपलेत अण्णा नव्हते. नमुना फुकट गेला.

खालच्या वहिनी छताकडे डोळे लावूनच बसल्या होत्या. दणका ऐकताच त्यांनी ओळखलं, पाइप फुटला! त्या बाईंची समयसूचकता मोठी. कुणाला न विचारता त्या थेट गच्चीवर गेल्या आणि टाकीचा कॉक बंद करून आल्या.

दुसरा फुगा फुटला तेव्हा त्या जिन्यात होत्या. "फुटला! परत फुटला!" असं ओरडत त्या आत आल्या, आणि तोही नमुना गेला. त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे वकील आले. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा.

"पाणी कुणी बंद केलं?"

"मी केलं," वहिनी अभिमानानं म्हणाल्या. "नाहीतर बिल्डिंग बुडाली असती."

"कॉक? मला न विचारता?" अण्णा भडकले. "अहो, अख्ख्या शहराचं पाणी सोडलंय या हातांनी! तो कॉक असा फिरवायचा नसतो. आधी अर्धा, मग थांबायचं, मग..." आणि त्यांनी तिथेच पाण्याच्या दाबावर व्याख्यान सुरू केलं. व्याख्यानात तिसरा फुगा वाहून गेला. चौथा मुळातच भोकाचा निघाला. आणि टाचणी तिच्या हातून निसटली ती थेट मोरीच्या जाळीत.

सूनबाईच्या हाती एक फुगा आणि केसांतला चाप उरला. मग मात्र तिचं डोकं फिरलं. तिनं आतून असा आवाज लावला की बाथरूमनंही तो आनंदानं दुप्पट केला.

"सगळ्यांनी गप्प बसा! कोण हललं तर दुपारपर्यंत दार उघडणार नाही!"

आणि काय आश्चर्य, सगळे गप्प झाले. वहिनींनी तोंडावर पदर धरला. वकिलांनी वस्तरा हवेत थांबवला. मिस्त्रीनं तर श्वासच रोखला. त्या घरात इतकी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती.

तिनं चाप टोचला. ठॉप्! तो आवाज सुटला, भिंतींवरून फिरला, छताला लागला, आणि सावकाश, अगदी ऐटीत खाली उतरू लागला. सूनबाईचे डोळे भरून आले. हाच तो घुमारा!

बाहेर अण्णांना मात्र राहवेना. घर त्यांचं, बाथरूम त्यांचं, आणि वकिलासकट सगळा जमाव हुकूम ऐकत होता सुनेचा. हे काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

"दार उघड!" ते गरजले.

सूनबाई बाहेर आली तोच मिस्त्री आत घुसला. एव्हाना त्याचाही संयम संपला होता. तिनं बोळात टेबलाशी बसून नमुना ऐकेपर्यंत आतली अर्धी भिंत खाली आली होती. नमुन्यात आधी फुगा होता, मग सुरेख घुमारा, आणि घुमाऱ्याच्या ऐन मध्यावर सासरे.

"तेवढं कापून टाक ना," नवऱ्यानं सुचवलं.

"अण्णा कापले तर घुमारा जातो. दोघं एकमेकांत अडकलेत."

"मग तयार काहीतरी घे. शेकडो आहेत म्हणतात."

त्यानं हे वाक्य बोलायला नको होतं. सूनबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो कारण नसताना भाजी आणायला निघून गेला.

चार दिवसांत तिनं प्लगइन पुरं केलं. नमुन्यात जे असेल ते प्रत्येक आवाजाला चिकटतं, हा नियमच आहे. त्यामुळे माईकसमोर टेबलावर टिचकी मारली की ती टिचकी झकास घुमायची आणि मागून अण्णा म्हणायचे, "दार उघड!" टाळी वाजवली, दार उघड. शिंक आली, दार उघड. तिनं क्षणभर डोकं धरलं. मग तिला हसू आलं, आणि हसू माईकमध्ये गेल्यामुळे असंख्य अण्णा एकदम दार उघडायला सांगू लागले. तिनं ठरवलं, जाईल तर असंच जाईल, आणि तसंच गटावर टाकलं.

दाढीवाल्यांनी लगेच लिहिलं, "नमुन्यात दोष आहे. काढून टाका."

तिनं लिहिलं, "दोष नाही, सासरे आहेत. आमचं बाथरूम असंच वाजतं. नको असेल तर वापरू नका."

लोकांनी उड्याच घेतल्या. कुणी त्यातून ढोलकी काढली, कुणी मांजर काढलं, एकानं तर स्वतःच्या साहेबांचं भाषण काढलं. ज्यांना शब्दांचा अर्थही ठाऊक नव्हता तेही "दार उघड"च्या ठेक्यावर डोलू लागले.

अण्णांना हे कळलं तेव्हा घरात रण माजलं.

"माझा आवाज? मला न विचारता?"

"तुम्हीच दिलात अण्णा. मी तर गप्प बसा म्हणत होते."

"ते काही नाही. ते काढून टाक, आणि हे चाळे आता पुरे!"

"काढणार नाही," सूनबाई म्हणाली. "आणि पुरेही होणार नाही. उद्यापासून रोज करणार आहे." एवढं बोलून तिनं टेबलावर टिचकी मारली. टेबलावरून अण्णा म्हणाले, "दार उघड!" स्वतःचाच हुकूम ऐकून अण्णा दार उघडून बाहेर निघून गेले.

मग घराला त्याची सवयच झाली. बोळातून सतत हाक यायची आणि कुणी ढिम्म हलायचं नाही. कुरिअरवाला बाहेर बोंबलून परत जायचा. खालच्या वहिनीही छताकडे बघणं सोडून निवांत झोपू लागल्या.

यथावकाश नवं बाथरूम तयार झालं. सगळं अण्णांच्या पसंतीचं. प्लास्टिकच्या पट्ट्यांचं खाली आणलेलं छत, कापसासारखा मऊ पडदा, आणि दाराला खटकन बसणारी नवी आधुनिक कडी. पहिल्या आंघोळीचा मान अण्णांचा. त्यांनी आत गाणं सुरू केलं आणि एका ओळीत थांबवलं. आवाज तोंडातून निघून तिथेच पायाशी पडत होता. ते चरफडत बाहेर यायला निघाले, तर कडी काही केल्या सरकेना.

"दार उघड!" अण्णा ओरडले.

नवऱ्यानं पेपराचं पान उलटलं. खाली वहिनींनी कूस बदलली.

"अरे, दार उघड! दार उघड!"

सूनबाई टेबलाशी नव्या ओळी लिहीत होती. तिनं दोनदा दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा मात्र तिची बोटं थांबली. आवाज अण्णांचाच होता, पण कोरडा ठक्क. मागे घुमारा नाही, फुगा नाही, काही नाही. ती पेचकस घेऊन उठली.

"अण्णा, खरे तुम्हीच का?"

"मग कोण! केव्हाचा ओरडतोय. कुणाला ऐकू येत नाही का?"

"येतं ना. पण जरा थांबाल का? माझा चाळा अर्ध्यावर आलाय."

 आतल्या नळातून एक थेंब मुकाट्यानं पडला. मग अण्णांचा आवाज आला, पडका, पण स्वच्छ.

"चाळा नाही म्हणायचं त्याला. काम म्हणायचं. तू काम आटप, मग उघड."

सूनबाई दाराशी तशीच उभी राहिली. हे ऐकायला तिला लग्नानंतरचा सगळा काळ लागला होता. तिनं पेचकस कडीच्या बाहेरच्या स्क्रूला लावला, अर्धा फिरवला, आणि काढून घेतला. धावत जाऊन तिनं माईक आणला.

"अण्णा, एकदाच परत म्हणता? या बाथरूमचंही टिपून घेते."

 आत अण्णांनी घसा खाकरला.

"नुसतं म्हणू," त्यांनी विचारलं, "की जरा सुरात?"